डॅशकॅमला वीज द्यायची, पण बॅटरी उतरू द्यायची नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅशकॅम (समोरच्या काचेवर बसवून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा) लावला आणि आठवड्याभरात एका सकाळी चावी फिरवल्यावर नुसताच कट-कट आवाज आला, असं ज्यांचं झालंय किंवा होईल अशी ज्यांना धास्ती आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं. माझ्या गाडीचं हे झालं होतं. पहाटे पाचला कोल्हापूरला निघायचं होतं, आई मागच्या सीटवर बसलेली, डिकी सामानाने भरलेली, आणि सेल्फ लागेना. जिथे कॅमेरा बसवून घेतला होता तिथल्या मुलाने वायर कायम चालू असणाऱ्या फ्यूजमध्ये खोचून दिली होती. बॅटरी उतरायला लागली की वीज तोडणारं, म्हणजे कट-ऑफ असलेलं किट मध्ये नव्हतंच. त्या दिवसापासून ही जोडणी मी स्वतः करतो, आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांना करून दिली आहे. मला सगळ्यात जास्त विचारणा छोट्या पेट्रोल गाड्यांबद्दल होते, त्यामुळे इथले आकडेही त्याच गाड्या डोळ्यांपुढे ठेवून दिले आहेत.

डॅशकॅममुळे बॅटरी खरंच उतरते का?

गाडी चालू असताना नाही. तेव्हा सगळी वीज अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारा जनरेटर) देतो, आणि कॅमेऱ्याचा भार हेडलाइटच्या एका बल्बच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच असतो. प्रश्न येतो तो गाडी बंद करून तुम्ही घरी गेल्यावरही कॅमेरा चालू राहिला तर. तेव्हा तो थेट बॅटरीवर जगतो, आणि बॅटरीचं पहिलं काम असतं सकाळी सेल्फ फिरवणं. त्या कामापुरतं बाजूला काढून जे उरेल, तेवढंच कॅमेऱ्याचं.

माझा कॅमेरा सिगरेट लायटरच्या सॉकेटला लावलाय. चावी काढली की बंद होतो. मला आणखी काही करायला हवं का?

नाही. काहीच करू नका. तुमची बॅटरी सुरक्षित आहे.

फक्त एक खात्री करून घ्या. काही गाड्यांत हे सॉकेट चावी काढल्यावरही चालूच राहतं, आणि दोन सॉकेट असतील तर एक बंद होणारं नि दुसरं कायम चालू, असंही असतं. चावी काढा, दारं लॉक करा आणि अर्ध्या तासाने काचेतून बघा: कॅमेऱ्याचा दिवा विझलेला असला पाहिजे. लगेच बघून उपयोग नाही, कारण काही गाड्या लॉक केल्यानंतरही काही मिनिटं सॉकेटचा पुरवठा चालू ठेवतात.

मग पार्किंग मोड घ्यायचाच कशाला?

पार्किंग मोड म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेऱ्याने राखण करत राहणं. हा प्रश्न किट विकत घेण्याआधी विचारावा, पण बहुतेक जण नंतर विचारतात. गाडी सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये रात्रभर उभी असेल, वर सीसीटीव्ही असेल, तर तुम्हाला पार्किंग मोडची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी रस्त्याकडेला लागत असेल, ऑफिसच्या खुल्या मैदानात दिवसभर उभी राहत असेल, किंवा कोणीतरी बंपर घासून निघून गेल्याचा अनुभव गाठीशी असेल, तर त्याचा खरा उपयोग आहे. पुण्यातल्या पेठांमध्ये गाडी लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

कॅमेरा नेमकी किती वीज खातो?

फक्त पुढचा कॅमेरा असेल तर साधारण ३ ते ४ वॉट. पुढचा-मागचा दोन्ही असतील तर ५ ते ७ वॉट. अडॅप्टरवर '५ व्होल्ट, २ अँपिअर' असं लिहिलेलं दिसतं, ती त्याची क्षमता झाली. कॅमेरा तेवढं खातोच असं नाही.

४ वॉटचा कॅमेरा धरू. १२ व्होल्टने भागलं की ०.३३ अँपिअर. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना किटमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून ०.४ धरा. रात्री दहा ते सकाळी आठ हे दहा तास झाले, म्हणजे ४ एएच (अँपिअर-तास) खर्च. छोट्या पेट्रोल गाडीत बहुधा ३५ एएचची बॅटरी असते. एका रात्रीत तिच्यातला जेमतेम नववा हिस्सा गेला. घाबरण्यासारखं काही नाही.

आता शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावली आणि सोमवारी सकाळी काढली असं समजा. साठ तास, गुणिले ०.४, म्हणजे २४ एएच. त्यात गाडीचं स्वतःचं घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म यांचे दिवसाला पाऊण-एक एएच मिळवा. कागदावर ३५ मधले आठ-नऊ उरतात. पण बॅटरी तीन वर्षं जुनी असेल तर ती आता ३५ ची राहिलेलीच नसते. त्यामुळे सोमवारी सकाळी सेल्फ लागणार नाही. ज्यांच्या गाड्या बंद पडतात त्यांच्यातल्या बहुतेकांच्या नेमक्या सोमवारीच पडतात, याचं कारण हे गणित.

बॅटरीत किती दम शिल्लक आहे हे कसं ओळखायचं?

तीन-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घ्या. गाडी बंद करून निदान तीन-चार तास झाले पाहिजेत. रात्रभर उभी असेल तर उत्तम. इंजिन बंद केल्या केल्या मोजलं तर वरवरचा चार्ज दिसतो आणि आकडा उगाच चांगला येतो.

१२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ११.८ ला ती रिकामीच समजायची. लोकांना वाटतं १२ व्होल्टची बॅटरी, १२ व्होल्ट दिसतायत, म्हणजे छान आहे. तसं नाही, १२ दिसले म्हणजे तीन चतुर्थांश गेली. हा एक गैरसमज निघाला तरी निम्म्या भानगडी टळतात.

इंजिन चालू करून परत मोजा. १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसलं की अल्टरनेटर चार्ज करतोय. आणि सेल्फ मारताना दुसऱ्या कोणाला मीटर बघायला सांगा: त्या क्षणी आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे, तिला कॅमेऱ्याचं ओझं देऊ नका.

हार्डवायर किट म्हणजे काय?

काडेपेटीएवढी डबी असते. एका बाजूने गाडीचे १२ व्होल्ट आत जातात, दुसऱ्या बाजूने कॅमेऱ्याला लागणारे ५ व्होल्ट बाहेर येतात. हे काम लायटरमधला अडॅप्टरही करतो. डबीचं खरं मोल तिच्या आतल्या पहारेकऱ्यात आहे: बॅटरीचे व्होल्ट ठरवलेल्या आकड्याखाली गेले की ती कॅमेऱ्याची वीज तोडते. यालाच कट-ऑफ म्हणतात.

चांगल्या किटला तीन वायर असतात. एक कायम चालू असणाऱ्या फ्यूजला, एक चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजला, आणि एक अर्थिंगला. दुसऱ्या वायरवरून कॅमेऱ्याला कळतं की गाडी चालू आहे की उभी. पुष्कळ किटमध्ये पिवळी म्हणजे कायमची, लाल म्हणजे चावीची आणि काळी म्हणजे अर्थिंग. पण काही कंपन्यांनी लाल-पिवळ्याची अदलाबदल केलेली असते, म्हणून रंगावर जाऊ नका, वायरवर चिकटवलेलं लेबल वाचा. उलट जोडलं तर जळत काही नाही, पण चावी काढताच कॅमेरा बंद होतो आणि माणूस 'पार्किंग मोडच खराब आहे' म्हणून दुकानदाराशी भांडायला जातो.

दोनच वायर असलेली स्वस्त किटंही मिळतात. ती व्होल्टेज बघून गाडी चालू की बंद याचा अंदाज बांधतात. जुन्या गाडीत ठीक आहे. नव्या गाड्यांचा अल्टरनेटर पेट्रोल वाचवण्यासाठी चालता चालता मध्येच चार्जिंग कमी करतो, आणि तेव्हा हा अंदाज चुकतो.

कट-ऑफ किती व्होल्टवर ठेवावा?

यावर सगळ्यात जास्त गोंधळ आहे, आणि सगळं काही याच्यावरच अवलंबून आहे.

किटवर बहुधा ११.६, ११.८, १२.०, १२.२, १२.४ असे पर्याय असतात. बारीक बटणं खालीवर करून किंवा कॅमेऱ्याच्या ॲपमधून ते निवडता येतात. बरीच किटं डब्यातून काढल्यावर खालच्या आकड्यावर लावलेली असतात, कारण त्यामुळे कॅमेरा जास्त तास चालताना दिसतो. वरचे आकडे पुन्हा वाचा: ११.८ म्हणजे रिकामी. म्हणजे ११.६ वर तोडणारा कट-ऑफ चोर घर धुऊन गेल्यावर कुलूप लावतो.

माझा नेम असा आहे. ३५ ते ४५ एएचची बॅटरी असेल तर पहिला आठवडा १२.४ वर ठेवा. रोज सकाळी सेल्फ मारण्याआधी मीटर लावून आकडा एका कागदावर लिहा. आकडे १२.४ च्या वर टिकत असतील आणि तुम्हाला आणखी तास हवे असतील, तर १२.२ वर आणा. छोट्या गाडीत याच्या खाली मी कधीच जात नाही. डिझेल गाडीत ६० ते ७० एएचची मोठी बॅटरी असते म्हणून काही जण बिनधास्त १२.० लावतात, पण डिझेल इंजिनाला सेल्फही जोरकस लागतो. तिथेही १२.२ बरा.

किटमध्ये किंवा कॅमेऱ्यात टायमर असेल तर तोही लावा. बारा तासांनी बंद, की व्होल्ट १२.२ ला आले की बंद, जे आधी घडेल ते. हा दुहेरी पहारा मला फार आवडतो, कारण थकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज कधीकधी भरल्यासारखा दिसतो आणि सेल्फच्या वेळी कोसळतो.

१२.४ लावल्यावर कॅमेरा दोन तासांतच बंद होतोय अशी तक्रार बरेच जण करतात. त्यात किटची चूक नाही. एकतर बॅटरी म्हातारी झाली आहे, नाहीतर तुमच्या रोजच्या फेऱ्यांत ती पूर्ण भरतच नाही.

माझी रोजची फेरी चार-पाच किलोमीटरचीच आहे. चालेल का?

पार्किंग मोड रात्रभर चालवणार असाल तर नाही चालणार.

रात्री ४ एएच गेले. ते परत भरायला लागणारा वेळ आपण समजतो त्यापेक्षा बराच जास्त असतो. शिशाची बॅटरी अर्धी रिकामी असताना भराभर चार्ज घेते, पण भरत आली की हळूहळू पिते. आपण तर तिला ९० टक्क्यांवरून १०० ला नेतोय, म्हणजे सगळ्यात संथ टप्पा. त्यात सिग्नलला इंजिन मंद फिरतं, तेव्हा अल्टरनेटर कमी वीज देतो, आणि पावसाळ्यात एसी, वायपर, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर सगळं एकदम चालू असतं. रात्रीचा खर्च भरून काढायला मी तासभर सलग चालवणं धरतो. तुमची फेरी पंधरा मिनिटांची असेल तर रोज थोडी-थोडी तूट राहते, आणि दहा-बारा दिवसांनी ती एकदम अंगावर येते.

अशा वेळी दोन मार्ग आहेत. पार्किंग मोड फक्त दिवसा, बाहेर गाडी लावताना वापरा. किंवा रविवारी एकदा गाडी तास-दीड तास हायवेला नेऊन आणा.

पार्किंग मोडचे प्रकार असतात म्हणतात. कुठला कमी वीज खातो?

हो, आणि फरक खूप मोठा आहे. टाइम-लॅप्स प्रकारात कॅमेरा सतत जागा असतो, फक्त सेकंदाला एखादं चित्र घेतो. त्याने मेमरी कार्ड वाचतं, वीज फारशी वाचत नाही. हालचाल दिसली की रेकॉर्ड करणारा प्रकारही जागाच असतो, कारण हालचाल दिसायला डोळा उघडा ठेवावा लागतो. धक्का बसल्यावर जागा होणारा प्रकार मात्र खरोखर झोपतो आणि किरकोळ वीज घेतो. त्यावर गाडी कित्येक दिवस उभी राहू शकते. त्याची उणीव एवढीच की जागा व्हायला त्याला क्षणभर लागतो, त्यामुळे धक्का देणारी गाडी येताना दिसत नाही, जाताना दिसते. नंबर प्लेटपुरतं ते बहुधा पुरतं. छोट्या बॅटरीच्या गाडीला मी हाच प्रकार सुचवतो.

वीज कोणत्या फ्यूजमधून घ्यावी?

आधी कशाला हात लावायचा नाही ते सांगतो. एअरबॅग, ब्रेकचं एबीएस, इंजिनाचा ईसीयू (संगणक), पेट्रोल पंप, पॉवर स्टीअरिंग. या फ्यूजना कोणत्याही कारणासाठी, कोणीही 'काही होत नाही हो' म्हटलं तरी, टॅप (फ्यूजच्या जागी खोचून जादा वायर काढायचा जोड) लावू द्यायचा नाही. वीस-तीस किलोमीटर वेगात एबीएसचा दिवा लागला तर निभावतं. घाटात लागला तर नाही.

चावीवर चालणाऱ्या वायरसाठी सिगरेट लायटरचा किंवा मागच्या वायपरचा फ्यूज चांगला. कायम चालू असणाऱ्या वायरसाठी आतल्या छताच्या दिव्याचा किंवा हॅझार्डचा. फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे किंवा गाडीच्या पुस्तकात नकाशा असतो, पण तुमच्या मॉडेलमध्ये एखादी सोय नसेल तर ती जागा रिकामी असू शकते. म्हणून टेस्टर लावून स्वतः बघा: चावी काढल्यावरही दिवा लागतो, की फिरवल्यावरच लागतो. कायम चालू वाटणारे काही फ्यूज गाडी लॉक केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी झोपतात. त्यामुळे एकदा लॉक करून, थांबून, परत तपासा.

फ्यूज टॅप उलटा बसला तर?

हा भाग लक्ष देऊन वाचा, कारण दुकानातही इथे चूक होते. टॅपमध्ये दोन फ्यूजच्या जागा असतात: एक मूळ फ्यूजची, एक कॅमेऱ्याची. टॅप दोन्ही दिशांनी बसतो आणि दोन्ही दिशांनी कॅमेरा चालू होतो. पण उलटा बसला तर कॅमेऱ्याची वीजही मूळ फ्यूजमधूनच जाते आणि एकाच फ्यूजवर दोघांचा भार पडतो.

तपासायची युक्ती सोपी आहे. मूळ फ्यूज टॅपमधून काढून टाका, फक्त कॅमेऱ्याचा फ्यूज ठेवा, टॅप खोचा आणि चावी फिरवा. कॅमेरा लागला तर दिशा बरोबर. नाही लागला तर टॅप उपसा, अर्धा फेरा फिरवून परत खोचा. मग मूळ फ्यूज जागेवर घाला. कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. किटसोबत आलेला असेल तोच वापरा.

टॅप घेताना गाडीतला एक फ्यूज उपसून सोबत न्या. मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो दिसायला सारखे वाटतात, पण पाय वेगळे असतात. चुकीचा टॅप दाबून बसवला की सॉकेटची पत्ती पसरते, आणि मग मूळ फ्यूजही तिथे सैल बसतो.

अर्थिंग कुठे द्यायचं?

गाडीच्या लोखंडी सांगाड्यात घट्ट बसलेल्या, रंग न लावलेल्या बोल्टखाली. फ्यूज बॉक्सच्या जवळ, ड्रायव्हरच्या डाव्या-उजव्या पायाशी, प्लॅस्टिक बाजूला केलं की असा बोल्ट सापडतो. रंगावर अर्थिंग दिलं तर कॅमेरा मध्येच बंद-चालू होतो. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर थेट देऊ नका. नव्या गाड्यांत तिथे एक सेन्सर असतो, जो बॅटरीत आलेली-गेलेली वीज मोजतो. तुमची वायर त्याला वगळून गेली तर त्याचा हिशोब चुकतो.

वायर काचेपासून खाली कशी आणायची?

छताच्या अस्तराच्या कडेत बोटांनी खोचत, मग पुढच्या खांबाच्या आच्छादनामागून. खांबावर 'एअरबॅग' असं लिहिलेलं किंवा कोरलेलं दिसलं, तर आत पडदा-एअरबॅगची लांब गुंडाळी आहे. वायर तिच्या मागून गेली पाहिजे, पुढून कधीच नाही. पुढून गेली तर अपघातात एअरबॅग उघडताना अडते, किंवा वायर चाबकासारखी तोंडावर येते. हे जमणार नाही असं वाटलं तर दाराच्या रबरी पट्टीखालून वायर काढा. थोडी कमी नीटनेटकी दिसेल, चालेल.

ओबीडी पोर्टला लावायची तयार केबल मिळते. ती घेऊ का?

ज्यांना फ्यूज बॉक्सला हात लावायचा नाही त्यांच्यासाठी ती सोय चांगली आहे. त्या पोर्टच्या (मेकॅनिक गाडी तपासायचं यंत्र लावतो ती जागा) १६ व्या पिनवर बॅटरीची वीज कायम असते. म्हणून कट-ऑफ असलेलीच केबल घ्यायची, नाहीतर आपण पुन्हा माझ्या कोल्हापूरच्या पहाटेला पोचतो. सर्व्हिसिंगला गाडी देताना केबल काढून ठेवा, कारण मेकॅनिकला ते पोर्ट लागतं.

गाडीच्या यूएसबी पोर्टमधून का नाही?

गाणी वाजवायला दिलेला पोर्ट बहुधा अर्धा ते एक अँपिअर देतो. कॅमेरा चालू होतो, पण रात्री इन्फ्रारेड किंवा वायफाय लागलं की उपाशी पडून रीस्टार्ट होतो. काही कॅमेरे तर त्या पोर्टला लावताच स्वतःला पेन ड्राइव्ह समजतात आणि रेकॉर्डिंगच करत नाहीत.

पॉवर बँक ठेवली तर?

कृपा करून ठेवू नका. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेववत नाही, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, आत त्याहून कितीतरी जास्त. लिथियम-आयनची पॉवर बँक त्या तापमानात फुगते, आणि पेटण्याचा धोका असतो. याच कारणासाठी कॅमेरा घेतानाही आत लिथियम बॅटरी नसून सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग) असलेला घ्यावा.

डॅशकॅमसाठी वेगळी बॅटरी मिळते, ती चांगली की वाईट?

चांगली, पण महाग. लिथियम आयर्न फॉस्फेटची ही पेटी सीटखाली राहते, गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून भरून घेते आणि गाडी बंद झाली की कॅमेरा तिच्यावर चालतो. गाडीच्या बॅटरीला हातच लागत नाही. हे रसायन साध्या लिथियम-आयनपेक्षा उष्णता बरंच चांगलं सोसतं, तरी सीटखालची सावलीची जागाच तिला द्यावी. अनेकदा तिची किंमत कॅमेऱ्याहून जास्त असते. टॅक्सी चालवणाऱ्यांना किंवा रोज रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना परवडते. बाकीच्यांनी कट-ऑफवर भागवावं.

माझी गाडी इलेक्ट्रिक आहे. मला चिंता नाही ना?

आहे. चाकं फिरवणारी मोठी बॅटरी वेगळी आणि दिवे, लॉक, स्क्रीन चालवणारी १२ व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी. कॅमेरा छोटीवर असतो. ती उतरली तर मोठी ८० टक्के भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. ही छोटी बॅटरी शिशाची असेल तर वरचे कट-ऑफचे सगळे नियम तुम्हालाही लागू.

गाडी महिनाभर उभी राहणार आहे. काय करू?

कॅमेऱ्याची वायर काढून ठेवा. कट-ऑफ आहे म्हणून निर्धास्त राहू नका: कट-ऑफ १२.२ वर कॅमेरा तोडतो, पण तिथून पुढे घड्याळ आणि अलार्म बॅटरी खातच राहतात, आणि तुम्ही त्यांना अर्धी रिकामी बॅटरी देऊन गेलेले असता. २०२० च्या लॉकडाउनमध्ये कॅमेरा नसलेल्या गाड्यांच्याही बॅटऱ्या उभ्या-उभ्या उतरल्या होत्या. अर्धवट रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, आणि नंतर कितीही चार्ज केली तरी तिची मूळ ताकद परत येत नाही.

किट लावल्यापासून एफएमवर खरखर येते.

स्वस्त डबीतला कन्व्हर्टर रेडिओच्या लहरींत गोंधळ घालतो. डबी आणि वायर अँटेनाच्या वायरपासून लांब न्या, वायरीवर फेराइटचा मणी (खरखर अडवणारं काळं कडं) चढवून बघा. तरीही राहिली तर किट बदला.

याने वॉरंटी जाते का?

मूळ वायर सोलून, पिळून, टेप गुंडाळून जोड दिला असेल तर विजेच्या भागांच्या वॉरंटीवर सर्व्हिस सेंटर हरकत घेऊ शकतं. फ्यूज टॅपमध्ये एकही वायर कापावी लागत नाही, आणि काढून टाकला की खूणही राहत नाही. अॅक्सेसरीच्या दुकानात काम करून घेताना 'वायर कापायची नाही, टॅपच लावायचा' हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा आणि शेजारी उभे राहा. कट-ऑफ कितीवर लावला ते विचारा. उत्तर देता आलं नाही तर तुम्हीच डबी उघडून बघा.

सगळं नीट आहे, तरी बॅटरी उतरतेय. दोष कॅमेऱ्याचा की गाडीचा?

कॅमेऱ्याचे टॅप काढून ठेवा आणि दोन रात्री बघा. तरीही उतरत असेल तर गळती दुसरीकडे आहे. गाडी लॉक करून अर्धा तास झोपू दिल्यावर तिची स्वतःची ओढ साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवी. ऑटो इलेक्ट्रिशियन क्लॅम्प मीटर लावून हे पाच मिनिटांत सांगतो. डिकीतला न विझणारा दिवा, बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम आणि जीपीएस ट्रॅकर हे माझ्या पाहण्यातले नेहमीचे गुन्हेगार. टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरशी साचली असेल तर आधी गरम पाण्याने ती धुवा, घासा, घट्ट करा. कधीकधी बॅटरी ठणठणीत असते, जोडच कच्चा असतो.

आणि बॅटरी उतरलीच तर?

लाल केबल आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग मदतीला आलेल्या गाडीच्या प्लसला. काळी आधी त्या गाडीच्या मायनसला, आणि दुसरं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी उडाली तरी बॅटरीतून निघालेल्या वायूजवळ उडत नाही. गाडी चालू झाली की उलट क्रमाने काढा. धक्का मारून चालू करणं फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीत.

चालू झाली म्हणून तशीच ऑफिसला नेऊन बंद करू नका, संध्याकाळी पुन्हा तीच वेळ येईल. शक्य असेल तर बॅटरी काढून रात्रभर चार्जिंगला लावा. अल्टरनेटरपेक्षा चार्जर ती सावकाश आणि पूर्ण भरतो. दुसऱ्या दिवशी विश्रांतीनंतर १२.६ दिसले तर वाचली. १२.३ च्या वर जातच नसेल, तर नवी घेण्याची वेळ आली.

नवी बसवल्यावर तारीख पक्क्या मार्करने बॅटरीवर लिहून ठेवा, आणि किटचा कट-ऑफ जिथे होता तिथेच आहे ना ते बघा; बॅटरी काढल्यावर काही किटं कारखान्यातल्या आकड्यावर परत जातात.